घागरीची सवत

मी एक जुनी फौजी पाण्याची बाटली आहे. अंगावर खाकी बनातीचं कव्हर, साखळीला बांधलेलं बूच आणि खांद्याला अडकवायला पट्टा. मित्रांनो, आज माझ्या कव्हराला कसर लागली आहे. पण एकेकाळी माझा तोरा काही और होता. जळफळाटही तेवढाच होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मला कुठल्या कारखान्यात घडवलं, ते आठवत नाही. आठवतो तो दिवस, जेव्हा नव्याने भरती झालेल्या लिंबाजीच्या खांद्यावर मी चढले. चाकूरजवळच्या खेड्यातला हा उंच, अबोल गडी. पहाडात, वाळवंटात, बर्फात आम्ही बरोबर राहिलो. मोर्च्यावर त्याच्या कमरेला मी, झोपताना उशाशी मी. माझ्यावाचून याचं पान हलत नाही, अशी माझी पक्की समजूत झाली.

मग पहिली रजा आली आणि मला कळलं, की घरी एक घागर आहे.

पितळेची, भरल्या पोटाची, लिंबाजीच्या बायकोच्या, पंचफुलाच्या माहेराहून आलेली. उंबरा ओलांडताच लिंबाजीने मला खांद्यावरून काढलं, बूच उघडलं आणि माझ्या पोटातला शेवटचा घोट त्या घागरीत ओतला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या लांबून पाणी सांभाळून आणायचं मी आणि ते गिळायचं हिने! पुढे समजलं, की ही त्याची रीतच होती. निघताना पंचफुला मला घागरीतून भरून द्यायची आणि परतल्यावर माझा शेवटचा घोट घागरीत जायचा. त्याशिवाय आपण घरी आलो, असं त्याला वाटतच नसे.

एकदा ओतून झालं, की मी खुंटीला. रजेभर तो माझ्याकडे वळूनही पाहत नसे. लेक केवळा त्याच्या खांद्यावर बसे. माझ्या खांद्यावर! तो तिची वेणी घाली, पंचफुलाला चुलीसाठी लाकडं फोडून देई, रात्री म्हाताऱ्या आईचे, कोंडाबाईचे पाय चेपी. मी भिंतीवरून सगळं बघत धुमसत राही.

बहात्तरच्या दुष्काळात तो रजेवर आला, तेव्हा घागर दाराशी पालथी पडली होती. वस्तीची विहीर आटली होती. पंचफुला दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडून आली होती आणि केवळा तापाने फणफणली होती. खरं सांगते, पालथी घागर बघून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या दिवशी घरात पाणी होतं ते फक्त माझ्या पोटात. लिंबाजीने ते थेंब थेंब केवळाच्या ओठांवर सोडलं. आज घागरीला काही मिळालं नाही, म्हणून मी फुशारून गेले.

पण माझी फुशारकी फार टिकली नाही. त्याने मला खाली ठेवलं, डोक्यावर चुंबळ घेतली, घागर त्यावर ठेवली आणि दूरच्या मळ्यातल्या विहिरीकडे निघाला. आमच्याकडे पुरुषमाणूस डोक्यावर पाणी आणत नसे. पारावर बसलेला दगडोबा हसून म्हणाला, "फौजी, बाईमाणसासारखं पाणी वाहायलास का?"

लिंबाजी थांबला. म्हणाला, "दगडोबा, सरकारचा बोजा पाठीवर नेतो तवा कुणी हसत न्हाई. ह्यो तर माझ्या घरचा हाय."

पूर्ण रजा त्याने पाणी वाहिलं. केवळा उठून बसली. मला मात्र एकच गोष्ट डाचत राहिली. मला त्याने कमरेला बांधलं होतं आणि घागरीला डोक्यावर घेतलं होतं.

लातूरचा नवा जिल्हा झाला, त्या साली लिंबाजी पेन्शन घेऊन कायमचा घरी आला. गावात जो तो नव्या कचेऱ्यांच्या गप्पा मारत होता. लिंबाजी घरात शिरला, त्याने मला खांद्यावरून काढलं आणि शेवटचा घोट न ओतताच खुंटीला टांगलं. पंचफुलाने चुलीपाशी त्याला काहीतरी विचारलं. तो हळूच काहीतरी बोलला. मला ते ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही वाटली नाही. मी जिंकले होते! तो घोट आता माझा होता. घागर रोज नव्या हातपंपावर जाऊन भरून यायची आणि मी वरून तिला वाकुल्या दाखवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या छातीत कळ आली आणि माझा लिंबाजी गेला.

आमच्या बौद्ध समाजात माणूस गेल्यावर जलदान विधी करतात. वंदना होते, मग घरची माणसं वाटी भरून वाहेपर्यंत तीत पाण्याची धार सोडतात. विधीच्या सकाळी धाकटा भाऊ केरबा लिंबाजीचा वर्दीतला फोटो घेऊन आला आणि त्याला नेमकी माझीच खुंटी दिसली. जमलेले लोक लिंबाजीची आठवण काढत होते. दगडोबा डोळे पुसत म्हणाला, "आमी हसलो, पर घरच्यांसाठी असा राबणारा माणूस पुन्हा होणं न्हाई. ती घागर डोक्यावर घेतलेला फौजी अजून दिसतो." इथेही घागरच! माझं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

केरबाने मला खाली काढलं. "वैनी, ही मोडीत देऊ का? लई गंजली."

बोलता बोलता त्याने मला हलवलं आणि माझ्या पोटातलं पाणी वाजलं.

पंचफुला धावतच आली. तिने मला त्याच्या हातून घेतलं, छातीशी धरलं. म्हणाली, "भाऊजी, ह्यात ह्यांचा घोट हाय. घरी आले तवा म्या इचारलं, वतत का न्हाई? तर म्हणले, इतके दिस मी परत आलो की वतायचो. आता दोघांतलं एक गेलं, की मागं जो राहील त्यानं वतायचा."

तेव्हा मला समजलं. तो घोट माझा कधीच नव्हता. तो पंचफुलाचा होता आणि मी नुसती राखणदार होते.

पंचफुलाने तो घोट घागरीत ओतला आणि घागरीतूनच धार सोडली. वाटी भरली, वाहिली. त्या धारेत माझं पाणी कोणतं आणि घागरीचं कोणतं, ते मला ओळखता आलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातलं माणूस गेलं, तर त्याची वस्तू मोडीत घालण्याआधी एकदा हलवून पाहा. आणि मागे राहिलेल्या माणसाला विचारा.

पावसाळ्यात केवळा नर्सिंग शिकायला नांदेडला निघाली. पंचफुलाने मला घासूनपुसून घागरीतून भरलं आणि तिच्या खांद्यावर अडकवलं. म्हणाली, "शेवटचा घोट घरी आण, माय."

दारातून निघताना मी वळून पाहिलं. घागर घरातच राहिली होती आणि मी लिंबाजीच्या लेकीबरोबर चालले होते. आता जळायची पाळी घागरीची होती.