चार नंबरच्या खाटेवरचं खोटं नाव

मुलांनो, थोडा वेळ माझ्यासोबत चला. समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात. घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात तुमचे आजोबा खाटेवर झोपलेत. उद्या त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन. आई औषधं आणायला गेलीय. आणि मोठ्या मिशांचा, गळ्यात क्रॉस घातलेला एक अनोळखी माणूस खाटेखाटेपाशी थांबतो, लाल वहीत काहीतरी लिहितो आणि आता तुमच्याकडेच येतोय. काय कराल?

नलूनं काय केलं ते सांगतो.

दवाखाना लहान, बायका-पुरुषांचा वॉर्ड एकच. शेजारच्या खाटेवरच्या शीलाकाकूंनी तिला सकाळीच बजावलं होतं, "पोरी, त्या पाद्र्यापासून जपून राह्य. त्याच्या वहीत नाव गेलं का मानूस त्याच्या धर्मात गेला समज."

नलूचे आजोबा उकंडाबाबा पाच वर्षांचे असताना वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला बौद्ध धम्माच्या दीक्षेला गेले होते. घरात ती गोष्ट नलूनं शंभरदा ऐकली होती. ते नाव या वहीत? ती खाटेच्या कडेला सरकून बसली.

"बेटा, आजोबांचं नाव काय?" पाद्रीसाहेबांनी हळू आवाजात विचारलं. "घरी भजन करता, वंदना करता, का आणखी काही?"

नाव तर खाटेला टांगलेल्या केसपेपरवर लिहिलेलं होतं. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मग विचारतात कायले? नलूचा संशय पक्का झाला.

"देवराव," ती पापणी न हलवता म्हणाली. "भजन करते. टाळ घेऊन."

त्यांनी लिहून घेतलं, हात जोडले आणि पुढे गेले.

नलू दिवसभर त्यांच्यावर नजर ठेवून होती. दोन नंबरच्या खाटेवरच्या उत्तमसिंगचं नाव वहीत गेलं, आणि तासाभरात तांड्यावरून एक पागोटेवाला म्हातारा आला. उत्तमसिंगच्या कपाळाला त्यानं हात लावला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. उत्तमसिंग लहान पोरासारखा रडला. याची तर टोळीच हाय, नलू मनात म्हणाली. आईला काही सांगावं, तर आई आधीच घाबरलेली. नलूनं एकटीनंच पहारा चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई रिपोर्ट आणायला गेली. स्ट्रेचर दारात येऊन थांबलं, आणि त्याच्या पाठोपाठ टाळ घेतलेला एक बुवा.

"देवराव कोण हो? पाद्रीसाहेबांचा फोन आलता." असं म्हणून त्यानं टाळ वाजवायला घेतले.

उकंडाबाबा कोपरावर उठून बसले. "कोन देवराव? मले काहून भजन आयकवून राह्यले? म्या जन्मात टाळ धरला नाही!" मग नर्सकडे वळून म्हणाले, "बाई, भंतेजीच्या तोंडून त्रिसरण आयकल्याबिगर मी आत नाही जात. इथंच मेलो तरी चालते."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "बाबा, दहा मिनिटं देतो. मागं आणखी दोन पेशंट आहेत. नाहीतर पुढच्या आठवड्यात. तोवर दुखणं वाढलं तर मला बोलू नका."

बाबांनी खाटेची कड घट्ट धरून ठेवली. रागानं नव्हे, भीतीनं. नलूला ते कळलं.

नर्सनं बोलावलेले पाद्रीसाहेब धापा टाकत आले. त्यांनी आधी बुवाची माफी मागितली. मग बाबांना म्हणाले, "चूक झाली. केसपेपर डॉक्टरांचा असतो, त्याला मी हात लावत नाही. घरचा माणूस सांगेल तेच लिहितो. मी लुथरन चर्चचा पाळक. चोवीस वर्षं फौजेत धर्मगुरू होतो. जवान कोणत्याही धर्माचा असो, ऑपरेशनच्या आधी ज्याचा त्याचा माणूस त्याच्याजवळ आणायचा, हे माझं काम. आता पेन्शन घेतो, पण सवय सुटत नाही."

"मंग तुमाले देवराव कोनं सांगतलं?" बाबा कडाडले.

पाद्रीसाहेबांनी नलूकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. त्यांनी वही उघडून तिच्याजवळ चादरीवर ठेवली, वर पेन ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

ही पण याची चाल असली तर? खरं नाव माझ्याच हातानं लिहून घ्यायची?

स्ट्रेचरवाला म्हणाला, "पाच मिनिटं राह्यली."

नलूनं वही उचलली आणि आधी पहिल्या पानापासून तपासली. उत्तमसिंग, तांड्याचा भगत, फोन नंबर. शीलाकाकू, "कोणी नको म्हणाल्या". कुठल्याच नावापुढे क्रॉस नव्हता. शेवटच्या पानावर नुसते नंबर होते: मौलवीसाहेब, भजनी बुवा, भंते धम्मरत्न (नेर गाव). तिनं 'देवराव' खोडलं आणि खाली मोठ्या अक्षरात 'उकंडा' लिहिलं. मग खिडकीपाशी जाऊन हात पुढे केला.

"मोबाईल द्या. फोन मीच लावतो. तुमी नाही."

त्यांनी दिला. पलीकडून भंतेजींचं त्रिसरण सुरू झाल्यावर तिनं मोबाईल बाबांच्या कानाला लावला; बाबा स्ट्रेचरवर आडवे झाले, आणि ते ऑपरेशनच्या दारापर्यंत जाईस्तोवर त्याच्यासोबत धावत राहिली.