कच्चा माठ

कुंभाराच्या म्हातारीच्या हातचा शेवटचा माठ भाजायचा राहूनच गेला. समोरच्या हॉटेलनं पाहुण्यांना धुराचा त्रास होतो म्हणून भट्टी बंद पाडली आणि त्याच आठवड्यात म्हातारीही गेली. तेव्हापासून तो कच्चा माठ फळीवर होता. त्याला बोट लावायची कुणाची छाती नव्हती. म्हाताऱ्या कुंभाराचा रागच तसा होता.

पण माती संपली. पूर्वी उन्हाळ्यात तलाव आटला की तळातून माती काढता यायची. आता पाहुण्यांच्या होड्यांसाठी तो बारा महिने तुडुंब ठेवतात. मुलगा आता हॉटेलच्या पाहुण्यांना हौस म्हणून चाकावर बसवायचा, त्यामुळे बाप त्याला चिडून 'मॅनेजर' म्हणायचा. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यानं गुपचूप माठ भिजत घातला. कच्चं भांडं पाण्यात विरघळून पुन्हा माती होतं.

"अरे मॅनेजर, आई होती ती तुझी!" रिकामी फळी बघून म्हातारा कडाडला.

"बाबा, मातीच आहे. आलेल्यांना काय हात हलवत परत पाठवू?"

पहिला गॉगलवाला बसला. जन्मात कधी कणीक मळली नसेल पठ्ठ्यानं! पण माती सरसर चढली, गळा वळला, आणि काठाखाली तिरपा खळगा उमटला. म्हातारीचा अंगठा वाकडा होता. तिच्या प्रत्येक माठावर तो खळगा असायचा.

"किती सोपं आहे!" गॉगलवाला खूश झाला.

मुलानं दोऱ्यानं माठ कापून माती परत गोळ्यात टाकली. मग एक बाई बसल्या, मग त्यांची नात. तोच गळा, तोच खळगा. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. लोक मात्र फोटो काढत होते आणि नळावर हात धूत होते. ते गढूळ पाणी थेट तलावात जात होतं, आणि गोळा लहान लहान होत चालला होता.

"बास! निघा सगळे!" म्हाताऱ्यानं लोकांना अक्षरशः हाकललं आणि स्वतः चाकावर बसला. जेमतेम वाटीएवढी माती उरली होती. त्यानं अंगठा लावलाच नाही, तरी खळगा उमटला. तो हमसून हमसून रडला.

वाटी सावलीत वाळवून त्यानं भरदिवसा भट्टी पेटवली. धूर हॉटेलवर गेला.

"बाबा, ते लोक येतील!"

"येऊ देत."

भाजलेल्या प्रत्येक भांड्याला टिचकी मारून बघायची म्हातारीची सवय होती. पेटत्या भट्टीच्या आतून तशीच टिचकी वाजली. खणखणीत.

मॅनेजरनं आणखी एक लाकूड आत सारलं.