फोन गेला, मी राहिलो

मी एका मोबाईलचा पुठ्ठ्याचा खोका. खरं तर ही हकीकत त्या मोबाईलनं सांगायला हवी होती. पण तो चोरीला गेला. आज कुठं आहे, कुणाच्या खिशात वाजतो, मला ठाऊक नाही. मागं मी उरलो, म्हणून मीच सांगतो.

कारखान्यात आम्ही एकाच पट्ट्यावरून पुढं सरकत आलो. त्याला माझ्यात बसवलं आणि त्याचा लांबलचक नंबर माझ्या पाठीवर चिकटवला. भावंडांचं आडनाव एक असतं, तसा आमचा नंबर एक.

गडचिरोलीच्या दुकानातून आम्हाला शहजादीनं घेतलं. ती शिलाईचं काम करते. तिचा नवरा नूर मोहम्मद एटापल्लीकडच्या गावांतून जीप चालवतो. गावात कुणी आजारी पडलं की लोक त्यालाच फोन लावायचे आणि त्याचा जुना फोन ऐन वेळी बंद असायचा. शहजादीच्या मनाला ते लागायचं. दुकानदार म्हणाला, "भाभी, विमा पण काढून घ्या. फुटला, चोरीला गेला, तरी टेन्शन नाई." तिनं विमाही काढला.

फोन नूर मोहम्मदच्या खिशात गेला आणि मी कपाटात, ओढण्यांच्या खाली. असे खोके माणसं का जपून ठेवतात, हे त्यांनाही सांगता येत नाही. फेकवत नाही, एवढंच.

मग ती दुपार आली. मी तिथं नव्हतो, पण पुढं ती इतक्या वेळा ऐकली की आता मला डोळ्यांसमोर दिसते.

चिंचा झोडायचे दिवस होते. नूर मोहम्मद रिकामी जीप घेऊन परतत होता. रस्त्याच्या मधोमध एक बाई उभी राहिली आणि तिनं गाडी थांबवली. नीलाबाई तिचं नाव. तिचा नवरा पत्रू चिंचेवरून पडला होता. डोक्याला मार होता, कानातून रक्त येत होतं. नूर मोहम्मदनं त्याला मागच्या सीटवर निजवलं आणि गाडी पळवली. वाटेत फोन करून दवाखान्यात कळवलं आणि फोन समोरच्या काचेपाशी ठेवला.

दवाखान्याच्या दाराशी पोचेपर्यंत पत्रूचा श्वास घरघरायला लागला होता. स्ट्रेचर येईपर्यंत थांबायचा धीर नूर मोहम्मदला झाला नाही. त्यानं पत्रूला उचलून घेतलं आणि आत धावला. गाडीचं दार उघडंच राहिलं.

बाहेर आला तेव्हा फोन नव्हता. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, चहाच्या टपरीवर विचारलं आणि परत आत गेला, कारण नीलाबाईजवळ दुसरं कुणीच नव्हतं. गावची माणसं येईपर्यंत तो तिच्यापाशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पत्रू गेला. त्याला गावी पोचवूनच नूर मोहम्मद घरी आला, आणि त्यानंतर पोलिसांत गेला. पोलिसांनी फोनचा तो लांबलचक नंबर मागितला, तेव्हा शहजादीनं मला कपाटातून काढलं.

काही आठवड्यांनी विमा कंपनीचं उत्तर आलं. दावा नामंजूर. कारण, फोन उघड्या गाडीत सोडला; हा विमाधारकाचा निष्काळजीपणा आहे.

शहजादीनं ते वाचून दाखवलं.

"निष्काळजी म्हंजे?" त्यानं विचारलं.

"ज्याले कशाचीच पर्वा नसते, तो."

त्यानं स्वतः ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "फोन गेला तं गेला. पण मले असं काऊन लिहिलं त्याहीनं?"

त्यानं शहजादीच्या फोनवरून कंपनीला फोन लावले. दर वेळी नवा आवाज. दर वेळी तो पहिल्यापासून सांगायचा, चिंचेचं झाड, कानातलं रक्त, पत्रूचं जाणं. पलीकडचा आवाज म्हणायचा, "आम्ही आपल्या भावना समजू शकतो, सर," आणि तीच ओळ पुन्हा वाचायचा. हळूहळू नूर मोहम्मद पत्रूचं नाव गाळून बोलायला लागला. परक्याच्या मरणाचा असा पाढा वाचणं त्याला बरं वाटेना. शेवटी शहजादीनंच त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"बस झालं, अजी. आता समोर जाऊन सांगायचं."

असा मी ग्राहक आयोगात पोचलो, कापडी पिशवीत, पोलिसांच्या कागदाला चिकटून.

कंपनीचा वकील तरुण होता, आवाजानं नरम. बाहेरच्या बाकावर तो नूर मोहम्मदजवळ येऊन बसला. "काका, अर्धी रक्कम मिळवून देतो. तक्रार मागं घ्या."

"तो शब्द मागं घेता का?"

"तसं लिहून नाही देता येत."

"मंग राहू द्या."

पण नूर मोहम्मदची बाजू सांगणारं कुणी नव्हतं. नीलाबाईला बोलवायला तो तयार नव्हता. "तिचा माणूस गेला. अन् मी तिले माझ्या फोनसाठी बोलावू?" असं म्हणून त्यानं विषय बंद केला होता. एका सकाळी शिलाईचं काम बाजूला ठेवून शहजादी एटापल्लीच्या एसटीत बसली.

तारखेच्या दिवशी नीलाबाई दारात उभी दिसली, तेव्हा नूर मोहम्मद गडबडून उठला.

"बाई, तुम्ही काऊन आल्या? मी नाई बोलावलं तुमाले."

"भाभी आली होती," नीलाबाई म्हणाली. "त्या दिवशी काय झालं, मले आजवर कोणी इचारलंच नाई, भाऊ. इथी इचारतीन म्हणली, तं आली."

आत तिनं सगळं सांगितलं. तिचं सांगणं संपत आलं तेव्हा वकील उठला. "बाई, गाडीतून उतरताना फोन खिशात टाकता आला असता ना त्यांना?"

नीलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "कोणत्या हातानं, साहेब?"

तिनं आपले दोन्ही हात पुढं केले, कुणाला तरी उचलून धरल्यासारखे. "एक हात मानेखाली होता. एक इथी, गुडघ्याखाली. माझा माणूस होता त्या हातावर. मी मांगून धावून राह्यली होती. तुमीच सांगा, कोणत्या हातानं टाकाचा होता?"

वकील खाली बसला. नीलाबाईचे हात तसेच पुढं राहिले. शेवटी शहजादी उठली, तिच्याजवळ गेली आणि तिचे हात आपल्या हातात घेऊन हळूच खाली आणले.

निकाल नूर मोहम्मदच्या बाजूनं लागला. कंपनीनं पैसे दिले, त्यातून साधासा फोन आला. निकालाची प्रत त्यानं घडी घालून माझ्यात ठेवली आणि मला घेऊन तो नीलाबाईच्या गावी गेला.

"लिहिलं का त्याहीनं, तुमची चूक नवती म्हणून?" तिनं अंगणातच विचारलं.

"लिहिलं."

"वाचा."

त्यानं वाचलं. जखमी पत्रूला उचलून आत नेत असताना फोन गाडीत राहिला, अशा वेळी कोणताही माणूस आधी जीव पाहील, याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही.

नीलाबाई पुढं सरकली. "म्हंजे यायचं, माझ्या माणसाचं, नाव हाय त्यात?"

"हाय, बाई."

"कुठी?"

त्यानं दाखवलं. तिनं तिथं बोट टेकवलं आणि म्हणाली, "आणखी एकदा वाचा, भाऊ."

जाताना त्यानं ती प्रत तिच्याकडंच ठेवली. पावसात भिजू नये म्हणून मलाही ठेवलं.

आता मी तिच्या घरात फळीवर असतो. माझे कोपरे दबले आहेत, एक बाजू उंदरानं कुरतडली आहे. फार दिवस टिकेन असं नाही. दूर कुठंतरी बसून माणसांबद्दल शब्द लिहिणाऱ्यांनो, तुमची माझी भेट व्हायची नाही. एवढंच सांगतो, लिहिण्याआधी त्या माणसाला एकदा विचारत जा.

गावात वाचता येणारं कुणी आलं की नीलाबाई मला खाली उतरवते. "वाच बाबा," म्हणते. पत्रूचं नाव आलं की तिचा चेहरा जरा वर होतो. वाचून झालं की ती कागद पुन्हा घडीवर घडी घालून ठेवते, झाकण लावते आणि कामाला लागते.