कावून विचारणारी विमल

मित्रांनो, मी शिरूर कासारचा एक जुना ट्रॅक्टर आहे. माझा लाल रंग विटलाय, सायलेन्सरला तारेनं आवळलंय. तरी सकाळी एका झटक्यात सुरू होतो, कारण मला समजून घेणारं माणूस मला भेटलं.

आदिनाथ मालकांनी मला आणलं तेव्हा बोनेटवर झेंडूचा हार होता. शेतात नांगरट करावी आणि दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळीला ट्रॉलीत घेऊन कारखान्याकडं निघावं, हा माझा नेम. ट्रॉलीत चुली, कोंबड्या, कडेवरची लेकरं.

तोडीला नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. आमच्या टोळीतल्या विमलचा नवरा आसाराम आजारानं गेला. मुकादम जीवन म्हणाला, "अर्धा कोयता कोण नेतंय?" मग ती दिराच्या खोपीत राहू लागली. मोळ्या वाहायच्या, सगळ्यांमागून जेवायचं, कुठं जायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं. हे तिला लई टोचायचं.

ऊस भरताना मात्र तिची नजर माझ्याकडं असायची. आमचा चालक त्रिंबक भला माणूस होता.

"त्रिंबकदादा, चढ आला की गिअर कावून बदलिता?"

"वहिनी, ऊस तोडायला आलाव का ट्रॅक्टरचं बारसं घालायला?"

"बारशालाबी पाळण्याची दोरी माहीत लागती की!"

बाया हसायच्या. 'का'ला आमच्याकडं 'कावून' म्हणतात, म्हणून टोळीनं तिचं नावच 'कावूनबाई' ठेवलं. एके दिवशी ऊस तोडून मोकळ्या झालेल्या रानात त्रिंबक सीटवरून खाली उतरला आणि म्हणाला, "बसा. पाय पुरत्यात का बघा."

क्लच-ब्रेकला पाय पुरले. मग तिनं गिअर ओवीत बांधले. मोळ्या वाहता वाहता गुणगुणायची:

*पयल्या गं गिअरात, रुतलं चाक निघावं*
*दुसऱ्या गिअरात, मागं ट्रॉलीला बघावं*
*तिसऱ्या गिअरात, वारा पदरात यावा*
*उताराच्या आधी, पुन्हा पयला धरावा*

माझ्या इंजिनाची धडधड तिच्या ओवीला ठेका धरायची. उन्हाळ्यात तिनं बीडला जाऊन रीतसर परवानाही काढला.

पुढच्या हंगामात त्रिंबक तापानं फणफणला. भरलेली ट्रॉली उन्हात उभी. ऊस वाळत होता, वजन घटत होतं. विमल पुढं झाली. "मी नेते."

"पलटी झाली तर?" जीवन म्हणाला. "पुन्हा हात लावू देणार न्हाई कधी."

"नगा देऊ."

जीवन मडगार्डवर चढून बसला. कारखान्याआधी मोठा उतार आहे. तो दिसताच ओरडला, "न्यूट्रल कर! डिझेल वाचतंय."

"कावून करू?"

"समदे करत्यात!"

"चाकं मोकळी सोडली तर मागचा ऊस आपल्याला ढकलंल. मग थांबवायचं कुणी?"

तिनं उताराआधीच मला थांबवलं आणि पहिला गिअर टाकला. ट्रॉलीचं ओझं पाठीवर रेटत होतं, पण माझं इंजिन त्याला धरून होतं. आम्ही गुरं घराकडं वळावीत तसे संथ उतरलो. खाली पोचल्यावर जीवननं मुठीत घट्ट धरलेली टोपी डोक्यावर ठेवली.

"लई सावकाश आणलंस गं," म्हणाला, मग जीभ चावून, "आणलंत, विमलबाई."

औंदा दिवाळीनंतर तो तिच्या दारात आला. "चला, दिराच्या कोयत्यात नाव घालतो."

"न्हाई. वडवणीपतूर नांगरटीची कामं हायेत. आदिनाथ मालकांकडून ट्रॅक्टर मी भाड्यानं चालवायला घेतलाय." आणि तिनं माझी चावी पदराच्या गाठीतून सोडली.

त्या दिवशी सोडला तितक्या आनंदानं धूर मी माझ्या उभ्या आयुष्यात कधी सोडला नव्हता!

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं ऑइल वेळेवर बदला, फिल्टरमधली धूळ झटका. आम्ही अजून लई चालू. आणि कुणी "कावून?" विचारलं तर हसू नका. त्रिंबक उतरला होता ना, तसं आपल्या सीटवरून खाली उतरा आणि म्हणा, "बसा. पाय पुरत्यात का बघा."