उजवी पाकळी

"सगुण, फाल्यां सकाळी माझो कौल लाव रे," असं म्हणून रुद्रेश देवळाच्या पायरीवर ऐसपैस बसला. हातातला नारळ त्यानं शेजारी ठेवला आणि खांबाला पाठ टेकली. देऊळ ह्याच्या बापानं बांधलं असावं तशी बसायची ऐट.

सगुण चिंचेनं समई घासत होता. त्यानं मान वर केली नाही. "कसलो कौल?"

"परत रिंगात उतरू काय नको, त्याचो."

समईवर चाललेला सगुणचा हात थांबला. मग पहिल्यापेक्षा जोरात चालू लागला.

रुद्रेश परब म्हणजे गोव्याचा माजी बॉक्सिंग चॅम्पियन. पेडण्याच्या तिठ्यावर एके काळी त्याचा घराएवढा फलक लागला होता, गळ्यात पदक आणि मुठी वळलेल्या. त्या पदकावर वीज खात्यात नोकरी लागली. पुढे खेळ सुटला, पोट सुटलं, फलकाचे रंग उडाले. फलक उतरवला तेव्हा सगुणला कोण आनंद झाला होता! त्या दिवशी त्यानं घरी पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव नेले आणि बायकोनं "आज काय विशेष?" विचारलं तेव्हा "काय नाय" म्हणाला.

आता म्हापशात कुणीतरी मोठा सामना ठरवला होता. समोर बेळगावकडचा दीपक नावाचा तरुण गडी, गोव्यातल्या एका कारखान्यात कामाला, मुठी हातोड्यासारख्या. जुना चॅम्पियन विरुद्ध नवा. तिकिटं लावून.

"वैनी काय म्हणता?" सगुणनं विचारलं.

"ती नकोच म्हणतली. मी तिका सांगलंय, देवी म्हणात तसा. उजवी पाकळी पडली तर उतरतलंय. डावी पडली तर हातमोजे कायमचे खुंटीक." रुद्रेश उठला आणि जाता जाता सगुणच्या पाठीवर थाप मारून गेला. "आणि उजवी पडली तर माझ्या कोपऱ्यात तूच व्हयो हां. तुवालो घेवन."

तुवालो घेवन! सगुणच्या मस्तकात तिडीक गेली. घाम पुसायला मी, आणि पदक घालायला हा!

त्याची जळजळ समजून घ्यायची तर थोडं मागं जायला हवं. वास्कोच्या बंदरात नोकरी करून परतलेल्या गोपाळ मास्तरांनी गावच्या आंब्याला रेती भरलेलं गोणपाट टांगलं आणि दोन पोरं हेरली, एक परबांचा आणि एक गुरवांचा. दोघे एकाच वजनाचे. पण चपळ होता तो सगुण. उजव्या हाताची हूल द्यायची आणि डावा बरगडीखाली घालायचा, हा डाव त्याचा. सरावात रुद्रेश त्या डावानं कितीदा मातीत लोळला होता. मास्तर तोंडानं बोलले नाहीत, पण राज्याच्या निवडीला सगुणलाच नेणार हे वाड्यावरच्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. आणि नेमका निवडीच्या आठवड्यात सगुणचा बाप गेला. डोकं भादरलेलं, घरात सुतक, अंगावर पंचा. सुतकातला गुरव रिंगणात कसा उतरेल? मास्तर रुद्रेशला घेऊन गेले. त्यानं ती निवड जिंकली, पुढं देशपातळीवरचं पदक जिंकलं, आणि जिंकताना मारला तो सगुणचाच डावा ठोसा. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. त्या ठोशाला लोक 'परबाचो डावो' म्हणू लागले. परबाचो!

सगुणच्या वाट्याला आलं देऊळ. सकाळी देवीला आंघोळ, दुपारी नैवेद्य, आणि लोकांचे कौल. पाषाणाच्या देवीवर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पोरीचं लग्न, विहिरीची जागा, दुबईची नोकरी, गावातला माणूस कौलाशिवाय हलत नसे. बापानं त्याला एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावली होती. "पाणी दोनय पाकळ्यांक सारख्या. आणि गाऱ्हाण्यात काय लिपवन ठेवायचां नाय. देवी इचारल्याचोच जबाब दिता."

संध्याकाळी रुद्रेशची बायको गौरवी आली. अंगणवाडीतून परस्पर आली असावी, खांद्याला पिशवी तशीच होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती कठड्याजवळ थांबली.

"भावजी, एक सांगूचां आसा. तेंका कळता नये."

"सांगा, वैनी."

"तेंचो डावो डोळो. भितरलो पडदो सुटत इलोसा. डॉक्टरान म्हटलां, एक ठोसो बसलो तर डोळो गेलो म्हणून समजा. तेणी तां कोणाक सांगूक नाय. गाऱ्हाण्यातय सांगूचे नाय. म्हणून तुमी सांगा." तिनं परत एकदा मागं वळून पाहिलं. "मोठ्यान नको. गावकार आयकतले, मगे तेंका राग येतलो. ओठातल्या ओठात सांगा. देवीक आयकाक येता. तिका डोळ्याचां कळलां तर ती उजवी देवचीच नाय."

सगुणनं मान हलवली. ती पिशवी सावरत पायऱ्या उतरली. खाली जाऊन तिनं वळून देवीला परत हात जोडले, जणू आपलं काम झालं.

कौलाला अर्धा वाडा जमला. गौरवी मुद्दाम आली नाही, नवऱ्याला संशय यायचा. रुद्रेश नवा सदरा घालून पुढं उभा. आणि लोक कुणाकडे बघत होते? देवीकडे नाही, गुरवाकडे तर नाहीच. "आमचो चॅम्पियन उतरतलो मरे!" कुणीतरी मागून म्हणालं, आणि एका म्हाताऱ्यानं रुद्रेशच्या दंडाला हात लावून पाहिला, बैल पाहावा तसा. रुद्रेश हसला. ते हसू सगुणनं इतकी वर्षं पाहिलं होतं, फलकावर, लग्नाच्या मांडवात, जत्रेत पहिला नारळ फोडताना. आज ते त्याच्या डोळ्यात कुसळासारखं गेलं.

त्यानं पाकळ्या चिकटवल्या. दोन्हींना पाणी सारखं, दाब सारखा. त्यात त्यानं तसूभर फरक केला नाही, हे त्याच्या वतीनं सांगायलाच हवं. मग हात जोडून त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं.

"गे आवय, आज ह्यो तुझो लेकरू रुद्रेश तुझ्या पायाकडे इलोसा. परत रिंगात उतराचो म्हणता. तेचां बरां आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी..."

"व्हय म्हाराजा!" लोक गर्जले.

आता ओठ हलवायचे होते. एवढंच वाक्य, गे आवय, तेचो डावो डोळो अधू आसा. सगुणच्या जिभेवर ते आलं होतं. पण डावी पडली तर काय होईल हे त्याला लख्ख दिसलं. लोक हळहळतील, "नायतर जिंकलोच आसतो" असं मरेपर्यंत म्हणत राहतील, आणि रुद्रेश न हरता घरी जाईल. कायमचा न हरलेला! नाही. एकदा तरी त्याला सगळ्यांसमोर पडलेला बघायचंय. माझ्याच बापाच्या तेराव्याला ह्याचा सत्कार झाला होता.

सगुणनं ओठ मिटून घेतले.

बराच वेळ काही झालं नाही. समईची वात तडतडली. मग उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली. ढोलावर टिपरू बसलं, रुद्रेशनं लोटांगण घातलं. सगुणनं पाकळी उचलून त्याच्या ओंजळीत ठेवली आणि मनाशी म्हणाला, मी काय खोटां केलंय? पाकळ्ये सारखेच लायलंय.

म्हापशाला वाड्यावरून बस करून माणसं गेली. फक्त गौरवी घरी राहिली; देवीनंच होकार दिल्यावर तिला नवऱ्याला अडवता येत नव्हतं. रुद्रेशच्या कोपऱ्यात सगुण होता, गळ्यात पांढरा तुवालो आणि हातात पाण्याची बाटली.

दीपक खरोखर चांगला होता. पहिल्या फेरीत त्यानं रुद्रेशला दोरापर्यंत रेटलं, आणि सगुणनं मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली. दुसऱ्या फेरीत एक उजवा ठोसा रुद्रेशच्या डाव्या भुवईवर बसला. घंटा झाली. रुद्रेश स्टुलावर आदळला, छाती भात्यासारखी चाललेली.

"सगुण, डाव्यान दिसना रे. काळां काळां येता."

हातात तुवालो होता. तो रिंगणात फेकला असता तर सामना तिथंच थांबला असता, कोपऱ्यातल्या माणसाला तो अधिकार असतो. सगुणनं तुवालो उचलला आणि त्याच्या डोळ्यावरून फिरवला.

"घाम गेलोसा डोळ्यात. जा तू."

"घाम काय? बरां." रुद्रेशनं लहान पोरासारखी मान हलवली. "तू म्हणतस म्हणजे घामच."

आणि गेला. आता पडतो, मग पडतो म्हणून सगुण दोर घट्ट धरून उभा राहिला. पण चॅम्पियन तो! डावीकडचं दिसत नव्हतं म्हणून त्यानं मान वळवली, दीपकला उजवीकडे येऊ दिलं, उजव्या हाताची हूल दिली आणि डावा बरगडीखाली घातला. सगुणचा ठोसा. आंब्याखाली शिकलेला. दीपक गुडघ्यावर बसला तो उठला नाही. लोक खुर्च्यांवर चढले. "परबाचो डावो! परबाचो डावो!" सगुणलाही कुणीतरी मिठी मारली. ना हा हरला, ना माझा ठोसा मला मिळाला.

तिठ्यावर परत फलक लागला. पण रुद्रेशनं तो नीट पाहिला तरी का, कोण जाणे. चार दिवसांत डाव्या डोळ्यावर काळा पडदा उतरला तो कायमचा. शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाही. त्याची तक्रार मात्र काही नाही. भेटेल त्याला सांगे, "देवीन जिंकवलान. डोळो तिका वायलो."

गौरवी देवळात आली ती भर दुपारी. सगुण नैवेद्याचं पान उचलत होता. ती आत आली नाही, कठड्याशीच थांबली.

"भावजी, खरां सांगा. डोळ्याचां सांगललात?"

हा प्रश्न येणार हे सगुणला ठाऊक होतं. रात्र रात्र त्यानं उत्तर घोळवलं होतं, पाय धरीन, तोंडात मारून घेईन, काय वाटेल ते. आणि तोंडातून आलं, "सांगलंय, वैनी. ओठातल्या ओठात."

"सगळां?"

"सगळां."

तिनं त्याच्यावरची नजर काढली आणि गाभाऱ्यात देवीकडे बघत राहिली. रडली नाही. "म्हणजे हिणां सगळां आयकलान," ती सावकाश म्हणाली, "आणि तरी उजवी दिलान."

पायऱ्या उतरताना ह्या वेळी तिनं वळून हात जोडले नाहीत.

शिमग्यात देवीची पालखी दारोदार जाते. घरच्या सुवासिनीनं पालखी वाहणाऱ्यांच्या पायावर पाणी घालायचं, देवीची ओटी भरायची. पुढच्या दांडीला नेहमीप्रमाणे सगुणचा खांदा होता. परबांच्या अंगणात सडा होता, पाट मांडला होता, पण पाण्याचा तांब्या घेऊन आला तो रुद्रेश.

"गौरवीक बरां नाय," तो ओशाळून म्हणाला.

एका डोळ्यानं त्याला अंतर कळत नव्हतं. त्यानं पाणी ओतलं ते सगुणच्या पायाच्या बाजूला, मातीत. मग पालखीला कुंकू लावायला बोट पुढं केलं, ते वीतभर अलीकडेच हवेत थांबलं. पोरं खुदकन हसली. सगुणनं त्याचं मनगट धरलं आणि पालखीपर्यंत नेलं. तेच जाड, कणखर मनगट, ज्याच्यावर तो जन्मभर जळला. आता त्यात जळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तू आसस म्हणून बरां, सगुण," रुद्रेश म्हणाला.

सगुणनं वर पाहिलं. जनेलात गौरवी उभी होती, ठणठणीत, तब्येतीला काही झालेलं नव्हतं. तिनं पालखीतल्या देवीकडे सरळ पाहिलं आणि जनेलाची झडपं ओढून घेतली. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

आणि सगुणला, खरं सांगायचं तर, तिचाच हेवा वाटला. तिला देवीला दार लावता आलं. त्याला उद्या पहाटे गाभारा उघडायचा होता, तांब्या भरून घ्यायचा होता आणि देवीला समोर बसून आंघोळ घालायची होती.

"चला रे," मागून कुणीतरी म्हणालं. सगुणनं दांडीखाली खांदा घातला.