देवेशचा वर्षभराचा करार

दौलताबाद रोडवर आमच्या वावरात स्कीम झाली, तेव्हा जमिनीच्या बदल्यात मला दोन फ्लॅट मिळाले. एकात मी राहते. दुसरा बहिणीच्या लेकीला, रूपाला, स्वस्तात द्यायचा होता. पिकल्या वयात शेजारी आपलं माणूस असावं, एवढंच.

पण त्याआधी एजंट देवेशच्या कागदावर मी अंगठा देऊन बसले होते. "गिऱ्हाईक दाखवायची परवानगी आहे फक्त, मावशी," असं तो म्हणाला होता. रूपा घ्यायला आली तेव्हा त्यानं तोच कागद पुढं केला. त्यात लिहिलेलं, वर्षभर त्याच्याशिवाय विकायचं नाही आणि दलाली दोन्हीकडून. वर कोर्टाची धमकी. रूपाचा नवरा बिचकला, दोघं नाशिकला गेले. फ्लॅट देवेशनं मला दुसऱ्याला विकायला लावला. जास्त पैशासाठी मावशीनंच डाव केला, असं रूपाला वाटलं. तिनं बोलणं टाकलं.

त्या रागावर मी साक्षरता वर्गात बसले. पहिला धडा म्हणून तोच कागद वाचला. आठ दिवस लागले. खाली देवेशचा एजंट म्हणून सरकारी नोंदणी क्रमांक होता. वर्गातल्या हिमानीताईंनी तो सरकारी साइटवर टाकून पाहिला. मुदत चैतातच संपलेली. आता एजंटांना परीक्षा द्यावी लागते, ती यानं दिलीच नव्हती.

मी त्याला फोन केला. "राहता फ्लॅटबी इकायचाय."

तो लगेच आला. तोच छापील कागद, तोच जुना क्रमांक. आता सही येत असूनही मी अंगठा पुढं केला.

"एक कॉपी दे बाबा."

"तुम्हाला कशाला कॉपी, मावशी? वाचणार आहात का?" तो हसला.

"देव्हाऱ्यात ठेवते."

त्यानं दिली. दुसऱ्या दिवशी ती जोडून नोंदणीच्या सरकारी कार्यालयात तक्रार केली.

महिन्याभरानं देवेश दारात उभा. नोटीस आली होती. रोजचा दंड लागेल, धंदा बसेल, म्हणाला. "काय पाहिजे ते सांगा, मावशी. तक्रार मागं घ्या."

"आधी रूपाला फोन लाव. काय केलं ते सांग तिला."

माझ्यासमोर लावला. अडखळत सगळं सांगितलं. मग रूपा म्हणाली, "फोन मावशीला द्या." मी घेतला. "गुडघा कसा हाय तुझा?" तिनं विचारलं. "दुखतोय तसाच," मी म्हणाले. "येते दिवाळीला," म्हणाली.

फोन ठेवला. देवेशनं घाम पुसला. "मग उद्या जाऊ या का तक्रार मागं घ्यायला?"

"कशाला?"

"तुम्ही कबूल केलंत ना आत्ता?"

"म्या? कुठं लिहिलंय, दाखव बरं."

मी दार लोटून घेतलं आणि सुनावणीची तारीख कोणती, ते पुन्हा वाचून पाहिलं.