घरच्या बोलीतले शेरे

कॉर्नेलियस लोपीस मुळातच संशयी. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर घातली, तर हा घरी येऊन टोमॅटो एकेक करून दाबून पाहणार. अशा माणसाच्या ऑफिसात एक दिवस डच कंपनी येऊन उभी राहिली. मग काय विचारता!

ऑफिस बहरीनला, मनामा शहरातल्या नईम भागात, एका शिंप्याच्या दुकानावर. कंपनी रुकय्याबाईंची. नवरा गेल्यावर ही बाई दुकान गुंडाळणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, पण तिने ते सात वर्षं चालवून दाखवलं. कॉर्नेलियस प्रोग्रॅम लिही आणि पुण्याचा शिरीष मेहेंदळे गिऱ्हाइकाकडे जाऊन मशीन बसवून देई. मोटारींच्या सुट्या भागांचे बहरीनमधले निम्मे दुकानदार, कुठला भाग गोदामात शिल्लक आहे नि कुठला मागवायचा, हे कॉर्नेलियसच्या प्रोग्रॅमला विचारत. वसईच्या या माणसाला त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो असायलाच हवा होता.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये रुकय्याबाईंनी दोघांना बोलावून चहा पाजला आणि त्यांच्या हिंदीत सांगितलं, "रॉटरडॅम से लोग आयेगा. कंपनी खरीदना मांगता. मफी टेन्शन. सब पहले जैसा रहेगा, इंशाल्ला."

मफी म्हणजे अरबीत 'नाही', पण 'मफी टेन्शन' म्हटल्याबरोबर कॉर्नेलियसला टेन्शन आलं. बायको अँजेलिना आणि मुलगी मॅग्डलीन, दोघी त्याच्या व्हिसावर. त्याची नोकरी गेली की महिन्याभरात तिघांनी विमानात बसायचं. मॅग्डलीन सातवीत होती, मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देत होती. तिला मधल्याच वर्षी वसईच्या शाळेत नेऊन बसवायची कल्पनासुद्धा त्याला सोसत नव्हती.

संध्याकाळी त्याने दुबईला हिलरीला फोन लावला. हिलरी त्याचा मावसभाऊ, आणि त्याची कंपनी याच डचांनी वर्षापूर्वी घेतली होती.

"काय करतात हे लोक?"

"विकत घेतात," हिलरी म्हणाला. "स्वतः काही लिहीत बसत नाहीत. सायप्रसला एक घेतली, अथेन्सला एक, मग आमची. आता सौदीला जोडणारा पूल होतोय ना तुमच्याकडे, म्हणून तुमची. आणि ऐक, आल्या आल्या सगळं कागदावर लिहून मागतात. आमच्या पिंटोने लिहून दिलं आणि चौथ्या महिन्यात त्याचं तिकीट काढलं."

झालं! हिलरीचा पिंटो दारू पिऊन कामावर यायचा, हे हिलरीने सांगितलं नाही आणि कॉर्नेलियसने विचारलं नाही. संशयी माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं.

आठवड्याने डच साहेब आला. उंच, हसरा, आणि उन्हाने टोमॅटोसारखा झालेला. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "मिस्टर लोपीस, तुमचा प्रोग्रॅम कसा चालतो ते तीन आठवड्यांत लिहून द्या. प्रोग्रॅमची एक प्रतही द्या. रॉटरडॅमची माणसं वाचतील."

"कशासाठी?"

"ठरवण्यासाठी," साहेब हसून म्हणाला. काय ठरवायचं ते मात्र बोलला नाही. व्यवहार पुरा होईपर्यंत बोलायची त्याला परवानगीच नव्हती, पण कॉर्नेलियसला त्या हसण्यात पिंटोचं तिकीट दिसलं.

त्यात शिरीष. हा शिरीष रोज साहेबाला गाडीत घालून कुठे कुठे नेऊ लागला. एकदा मुहर्रकला, एकदा हिद्दला, आणि दोनदा तर हॉटेलात जेवायला. परत आला की तोंड भरून हसायचा. "काय बोलता रे एवढं?" कॉर्नेलियसने सहज विचारल्यासारखं विचारलं. "गिऱ्हाइकं दाखवतोय. काही नाही रे, नंतर सांगतो," शिरीष म्हणाला. नंतर सांगतो! कॉर्नेलियसच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती थांबेचना.

घरी अँजेलिना वैतागली. "इतकी वर्षं एका टेबलावर डबा खाता दोघं. सरळ विचारायला काय तोंड दुखतं?"

"विचारून कोण खरं सांगतो?" कॉर्नेलियस म्हणाला.

आणि मग त्याने ते केलं. प्रोग्रॅम लिहिताना ओळींच्या शेजारी शेरे लिहायची पद्धत असते. ही ओळ काय करते, इथे काय सांभाळायचं, असं साध्या भाषेत लिहून ठेवायचं. मशीन ते वाचत नाही, माणसासाठी असतं. कॉर्नेलियसचे शेरे इंग्रजीत होते, आणि नीटनेटके होते. लागोपाठ तीन शुक्रवार, सुट्टीच्या दिवशी, हा ऑफिसात जाऊन बसला आणि त्याने ते सगळे शेरे वसईच्या आपल्या घरच्या बोलीत, इंग्रजी अक्षरांत लिहून काढले. ही बोली पुण्याच्या माणसालासुद्धा धड उमगत नाही, तिथे रॉटरडॅमची काय कथा! दोन-चार ठिकाणी तर त्याने पापलेटाच्या कालवणाची कृतीच घातली आणि एकटाच हसला. लिहून मागितलेल्या कागदांत त्याने वीस पानं भरली, पण ताकास तूर लागू दिली नाही. वाचायचं असेल तर मला ठेवा, असा त्याचा हिशोब. शेवटच्या शुक्रवारनंतर चौथ्या दिवशी साहेब प्रोग्रॅमच्या डिस्का घेऊन विमानात बसला तेव्हा कॉर्नेलियसला महिन्याभराने शांत झोप लागली.

मे महिन्यात सह्या झाल्या. साहेब परत आला, आणि या खेपेस तो हसत नव्हता.

"मिस्टर लोपीस, आमच्याकडे आता चार प्रोग्रॅम झाले, एकाच कामाचे. आखातात एकच ठेवायचा ठरला होता. गिऱ्हाइकं तुमच्यावर सर्वांत खूश होती, मी स्वतः बारा दुकानांत विचारलं. तुमचाच ठेवायचा, सौदीपर्यंत न्यायचा, तुमच्या हाताखाली सहा माणसं द्यायची, असा माझा आग्रह होता. पण रॉटरडॅमच्या चार माणसांना त्यातलं काही वाचता आलं नाही. जे वाचताच येत नाही ते घेऊन पुढे कसं जायचं? शेवटी दुबईचा ठेवतोय. सप्टेंबरपर्यंत गिऱ्हाइकं तिकडे वळवायची. मग हे ऑफिस बंद."

आत्ता लिहून देतो, आठ दिवसांत सगळं इंग्रजीत करून देतो, असं कॉर्नेलियसच्या ओठांवर आलं होतं. पण तसं म्हणायचं, तर आधी इंग्रजीतच होतं हेही सांगावं लागणार होतं. तो नुसता "येस सर" म्हणाला. त्या दोन शब्दांची त्याला इतकी लाज वाटली की साहेबाकडे पाहवेना.

बाहेर जिन्यात शिरीष उभा होता. त्याचंही ऑफिस बंद होणार होतं. त्याची बायको सुनीता फेब्रुवारीतच पुण्याहून आली होती, आणि तिला दिवस गेले होते.

"ऐकलंस?" शिरीष म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "मी त्या साहेबाला एकेका दुकानात घेऊन गेलो रे. मालकांना म्हटलं, कॉर्नेलियसच्या प्रोग्रॅमबद्दल सांगा याला. सगळे छान बोलले. म्हटलं, पक्कं झालं की तुला एकदम सांगू, नाहीतर उगाच आशेला लावायचं. आणि आता म्हणे वाचता आलं नाही! चोर आहेत लेकाचे. मी साहेबाला तोंडावर सांगितलं, आमच्या माणसाइतकं स्वच्छ काम अख्ख्या बहरीनमध्ये कुणाचं नाही, तुमच्याच लोकांनी काहीतरी लबाडी केलीय. खोटं आहे का?"

कॉर्नेलियसने कठड्यावरून खाली पाहिलं. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं.

"सांग ना. तू तर सगळं इंग्रजीत लिहून दिलं होतंस. हो ना?"

शिरीष त्याच्याकडे बघत होता. त्या नजरेत संशयाचा लवलेश नव्हता.

"हो," कॉर्नेलियस म्हणाला. "लबाडच आहेत ते."